कापसाची काडी

३ मार्च

आज संघ जाहीर झाला आणि मी त्यात आहे! सत्तावीस वर्षांच्या बाईने एवढं नाचायचं नसतं, पण दुकानाच्या मागच्या खोलीत, बुटांच्या खोक्यांच्या मधोमध, मी नाचले. मालक धावत आले. म्हणाले, "साप निघाला की काय?"

परदेशातल्या स्पर्धेला आठशे मीटरच्या शर्यतीसाठी दोघी जाणार. पहिली नाकतोडी, दुसरी मी. नाकतोडी म्हणजे आमच्या मैदानावरची एकोणीस वर्षांची पोर. सगळी पायच पाय, वर कुठेतरी डोकं. तीन वर्षं मी तिची पाठ बघत पळते आहे. तिच्या मानेमागचा तीळ मला स्वतःच्या तोंडापेक्षा ओळखीचा झालाय. आधी राग यायचा. आता येत नाही, कारण तिचा पाठलाग करूनच मी इथवर आले. एकटी पळत राहिले असते तर अजून जिथल्या तिथे घुटमळत बसले असते.

मास्तरीण तिसरी आली, म्हणजे राखीव, म्हणजे घरी. ती प्राथमिक शाळेत शिकवते, पदरात चार वर्षांची मुलगी. तिने माझा हात हातात घेऊन अभिनंदन केलं. हात गार पडला होता.

आमचे धावण्याचे सर म्हणाले, बाहेरच्या देशात पळायचं तर आता नवीन नियम आहे. प्रत्येक मुलीच्या गालात आतून एकदा कापसाची काडी फिरवतात आणि बाई आहे की नाही ते बघतात. नाकतोडीने मागच्या महिन्यात शिबिरातच दिली. मला तेव्हा ताप होता, माझी राहिली. देऊ की. दातांच्या डॉक्टरपेक्षा बरं.

११ मार्च

नाकतोडी मैदानावर येत नाही. सर म्हणतात, मांडीचा स्नायू दुखावलाय. पण स्नायू दुखावला तरी ही पोर लंगडत येते आणि कडेला बसून आम्हाला चिडवते. कुठेतरी पाणी मुरतंय म्हणून संध्याकाळी वसतिगृहात गेले.

पायात बूट घालून पलंगावर बसली होती. आत जाताच म्हणाली, "ताई, दार लाव."

लावलं.

"माझ्या काडीत काहीतरी निघालं."

मला वाटलं, औषध. "मग सांग ना त्यांना, खोकला झाला होता म्हणून..."

"तसलं नाही गं. पुरुषांत असतं ते निघालं. जन्मापासूनच आहे म्हणे. मग पोट तपासलं. गर्भाशय नाहीये मला." आणि हसली. "मी कधी आत वाकून बघितलं होतं का?"

मला हसू आलं नाही. मी तिच्या बुटांच्या नाड्या सोडायला लागले. दुकानातली सवय.

ती म्हणाली, "डॉक्टर म्हणतात, घरी दारी, कागदोपत्री सगळीकडे तू मुलगीच आहेस. फक्त शर्यतीत नाहीस. म्हणजे मी कुठे आहे, ताई? मी तर शर्यतीतच असते."

संघ निवडणाऱ्या संघटनेने कबूल केलंय की बाहेर कुणाला कळणार नाही. स्नायू दुखावला, एवढंच सांगायचं. निघताना तिने शपथ वगैरे घातली नाही. फक्त म्हणाली, "तुलाच सांगितलंय."

१२ मार्च

सरांनी पाठ थोपटली. "आता तू पहिली. नशीब काढलंस."

इथे खोटं लिहून काय करू? शेवटच्या वळणावर ती मला सोडून निघून जायची तेव्हा कधी कधी माझ्याही मनात यायचं, कुठून आणते ही एवढं? आज उत्तर मिळालंय म्हणतात. क्षणभर सुटल्यासारखं वाटलं. मग माझीच मला लाज वाटली. कारण मैदानावरच्या मुलांमधल्या शेवटच्या पोरालाही ती गाठू शकत नाही. आणि तिच्यात जे निघालं त्याचा तिच्या अंगाला काही उपयोग होतो का, हे म्हणे डॉक्टरांनाही नीट सांगता येत नाही. सांगता येत नाही, पण बाहेर काढता येतं!

तिला पाळी कधी आलीच नाही. सर म्हणायचे, खेळणाऱ्या मुलींचं असंच असतं. मलाही ते हेच म्हणाले होते. मी सतरा वर्षांची होईपर्यंत माझीही आली नव्हती. आईने कुठल्याशा डॉक्टरीणबाईंकडे नेऊन गोळ्या चालू केल्या तेव्हा आली. गोळ्या थांबवल्या की तीही थांबते. जास्त पळण्याने होतं तसं.

१५ मार्च

मास्तरीण संघात आली. सराव संपल्यावर दोघी पाय ताणत बसलो होतो. तिने एकदम विचारलं, "मी आले ते तुला आवडलं नाही ना?"

"तिचा स्नायू..."

"स्नायूबियू मला सांगू नकोस. वर्गात चाळीस पोरं आहेत माझ्या, थाप लगेच ओळखू येते." मग आवाज खाली आणून म्हणाली, "तीन वेळा एका जागेने राहिले मी. पोरीला झोपेत आईकडे टाकून येते. माझा घाम म्हणजे काय नळाचं पाणी?"

"तिची काय चूक आहे?"

"काहीच नाही. पण माझीही नाही. बायकांची शर्यत वेगळी ठेवली कशाला मग? कुठेतरी रेघ ओढायला लागतेच ना?"

"तिच्या अंगावरून?"

"मग कुणाच्या? माझ्या?"

उत्तर घरी येताना वाटेत शोधलं, जेवताना शोधलं. अजून सापडलेलं नाही. मास्तरीण वाईट असती तर किती सोपं झालं असतं.

१९ मार्च

आज बोलून टाकलं! वर्तमानपत्राचा वार्ताहर दुकानात आला. मालकांनी मला बुटांच्या भिंतीपुढे उभं केलं, स्वतः शेजारी उभे राहिले. वार्ताहर म्हणाला, "तुमच्या सहकारी मुलीच्या दुखापतीमुळे आता सगळी मदार तुमच्यावर."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. म्हटलं, "दुखापत नाही ती, अन्याय आहे." तो म्हणाला, कसला? म्हटलं, "चांगल्या धडधाकट मुलीला बाई असल्याचा दाखला मागतात आणि काडीवर विश्वास ठेवून घरी बसवतात. मी तिच्याबरोबर एका खोलीत राहिले आहे. ती माझ्याएवढीच बाई आहे."

तिचं नाव मात्र मी घेतलं नाही. तेवढी अक्कल आहे मला.

छाती हलकी झाली. सगळे तोंड दाबून बसले तर त्या पोरीची बाजू घेणार कोण? वाचेल तेव्हा तिला किती बरं वाटेल.

२० मार्च

पहिल्या पानावर तिचा फोटो आहे. शर्यत जिंकतानाचा, तोंड उघडं, गळ्याच्या शिरा ताणलेल्या. शंभर फोटोंमधून नेमका तोच निवडलेला. वर मोठ्या अक्षरांत, "ती मुलगी आहे का?" आणि खाली माझं नाव, माझी वाक्यं.

मी असं म्हटलंच नव्हतं.

तिचा फोन बंद. दुपारी तिच्या वडिलांचा आला. ते बस चालवतात, कधी चढ्या आवाजात बोलत नाहीत. आजही चढला नाही. म्हणाले, "दाराशी माणसं जमली आहेत. तिच्या आईने खिडक्या लावून घेतल्यात. डेपोत मला आज गाडीवर जाऊ नका म्हणाले. तुम्हीच तिच्या ताई ना?"

मी हो म्हटलं.

"ती तुमच्याबद्दल फार बोलायची," म्हणाले आणि फोन ठेवला.

२२ मार्च

नाकतोडीचा निरोप आला. तीनच शब्द. "ते माझं होतं."

२५ मार्च

दुकानात एक बाई बूट बघायला आली. मी तिच्या पायाशी बसून माप घेत होते. ती म्हणाली, "वाचलं हो मी. ती पोर बाप्यासारखीच दिसते नाही?" मी तिचा पाय हळूच खाली ठेवला आणि म्हटलं, "तुमच्या मापाचा बूट आमच्याकडे नाही." होता. चार रंगांत होता. मालकांनी संध्याकाळपर्यंत माझ्याकडे बघितलं नाही.

सरांनी मैदानावर बाजूला घेतलं. "झालं तेवढं पुष्कळ झालं. तोंडाला कुलूप घाल. दोन तारखेला तुझी काडी आहे. ती देऊन टाक, पळ, नाव काढ. तुला कसली भीती?"

भीती नाहीच. पण ते "तुला" त्यांनी ज्या तऱ्हेने म्हटलं ना, ते कानात कुसळासारखं टोचत राहिलंय.

२८ मार्च

आई भाजी चिरत होती. विचारलं, "ती काडी द्यायलाच लागते का गं?" म्हटलं, हो. थोड्या वेळाने परत, "नाही दिली तर?" म्हटलं, संघातून नाव काढतात. मग गॅस बंद करता करता, "नंतर नाही का देता येत? दोन-चार वर्षांनी?"

मी वैतागले. "आई, माझं वय काय, दोन-चार वर्षांनी मी काठी घेऊन पळू का?"

ती डोळे पुसत होती. कांदा असणार. तिला कांदा फार झोंबतो.

२ एप्रिल

पांढरी खोली. एक टेबल, दोन खुर्च्या, भिंतीवर दातांचं चित्र. डॉक्टर, एक परिचारिका आणि संघटनेचे सचिव. सर दाराबाहेर. परिचारिकेने पाकीट फाडून काडी काढली. "तोंड उघडा."

उघडलं. काडी गालाजवळ आली तेव्हा मला नाकतोडी आठवली, बूट घालून बसलेली. आणि माझं तोंड आपोआप मिटलं. शप्पथ, आधी काही ठरवलं नव्हतं.

"एका मिनिटाचं काम आहे," डॉक्टर म्हणाले.

"मला नाही द्यायची."

सचिव हसले. "अहो, कर नाही त्याला डर कशाला?"

"तिने काय केलं होतं?"

"कुणी?"

"नाकतोडीने. तिनेही काहीच केलं नव्हतं. तोंड उघडलं, एवढंच."

सचिव समजुतीच्या सुरात म्हणाले, "बाई, हा नियम तुमच्यासारख्या मुलींच्या रक्षणासाठीच केलाय."

"कुणापासून रक्षण? त्या पोरीपासून? शिबिरात ती महिनाभर माझ्या शेजारी झोपली आहे. माझ्या मोज्यांचा वास सहन केलाय तिने. रक्षणाची गरज तिलाच होती!"

परिचारिकेने तोंड फिरवलं. हसत होती बहुतेक.

"नाही दिलीत तर नाव जाईल," सचिव म्हणाले. आता हसत नव्हते.

"जाऊ दे."

खरी चांगली उत्तरं जिन्यात सुचली, नेहमीसारखी. पुरुषांच्या तोंडात घालता का काडी? कुणाचे पाय होडीएवढे, कुणाची छाती भात्यासारखी. त्यांना देवाची देणगी म्हणता, टाळ्या वाजवता. आमच्यातल्या एखादीला काही जास्त मिळालं की तिला दारातून मागे फिरवता? पण परत वर जाऊन हे सांगणं बरं दिसलं नसतं.

सर सोबत दोन रस्ते चालले आणि तिसऱ्याला वळून गेले.

भीती वाटली का? हो, वाटली. तोंड उघडलं तेव्हा वाटली. नाव जाण्याची नव्हती ती. कशाची होती, ते आज लिहीत नाही.

३ एप्रिल

वाटलं होतं, आई बोल लावेल. हातातोंडाशी आलेला घास घालवलास, म्हणेल. मी सांगितलं तेव्हा ती खुर्चीवर बसली, मोठा श्वास सोडला आणि म्हणाली, "बरं केलंस." मग मी नको नको म्हणत असताना दोनदा वाढलं. आईचं मला कधीच कळत नाही.

७ एप्रिल

नाकतोडी आली. घरी, संध्याकाळी, न सांगता. केस अगदी बारीक कापलेत. आईने दार उघडलं आणि तिला जवळ घेतलं, एवढा वेळ की पोरच अवघडली.

माझ्यासमोर आली तेव्हा मात्र तिचा पारा चढलेला. "वेडी आहेस का तू? माझं त्यांनी काढून घेतलं. तू तुझं हाताने फेकलंस! आणि आता सगळे म्हणणार, माझ्यामुळे ताई राहिली. हे माझ्या नावावर मांडू नकोस."

"तुझ्यासाठी नाही केलं."

"मग कुणासाठी?"

"माझ्यासाठी. तोंड माझं आहे."

तिचा राग हळूहळू उतरला आणि त्या जागी दुसरंच काहीतरी आलं. विचारलं, "ताई, आईंना विचारलंस का कधी?"

"काय?"

"काही नाही."

मग मी म्हटलं, "वर्तमानपत्राचं माझं चुकलं."

"हो. चुकलं."

"माफ केलंस?"

"अजून नाही." आणि पाटावरून उठून स्वतःच ताट घेतलं. जेवताना सांगत होती, शेजारची एक म्हातारी रोज खिडकीवर टकटक करून विचारते, "पोरी, जेवलीस का?" बाकी कुणी बोलत नाही. डॉक्टरांनी एक औषध सुचवलंय, वेग कमी करणारं. "मी म्हटलं, लोक वेग वाढवायला औषध घेतात तर हाकलता, आणि मला कमी करायला देता? नाही घेणार. माझं अंग आहे ते, तुमची गाडी नाही."

भांडताना ही पोर किती छान दिसते.

९ एप्रिल

तिचा तो प्रश्न डोक्यातून जात नव्हता. आज आई कपड्यांच्या घड्या घालत होती. मी तिच्यासमोर बसले. तिने माझ्याकडे बघितलं आणि तिच्या हातातली घडी विस्कटली. म्हणाली, "तुला एक सांगायचं राहिलंय. तेव्हा, तू सतराची असताना, त्या डॉक्टरीणबाई मला म्हणाल्या होत्या..."

"आई, थांब."

थांबली.

"ते माझं आहे ना? मग मी विचारेन तेव्हा सांग. त्यांना हवं म्हणून नको. मला हवं असेल तेव्हा, इथेच, याच खोलीत."

आई म्हणाली, "बरं." तिने डोळे पुसले. आज कांदा नव्हता.

आम्ही दोघींनी मिळून चादरींच्या घड्या केल्या. दोन टोकं तिच्याकडे, दोन माझ्याकडे.

१२ एप्रिल

मास्तरीण दुकानात आली. नवीन बूट हवे होते. मी तिच्या पायाशी बसले, तिचा पाय हातात घेतला. अंगठ्याचं नख काळंनिळं. असा पाय दुकानात दिवसभरात एकच येतो, तो पळणारीचा.

"मी काडी दिली," ती वरून म्हणाली. "काही निघालं नाही. मी जाणार आहे."

"छान झालं." मनापासून म्हटलं, पण तोंडातून कोरडंच आलं.

"एकटीने पळून माझी वेळ सुधारत नाहीये. पुढे कुणीतरी लागतं. तू आणि ती पळा माझ्यासोबत. एकदाच."

मी मान वर केली. "तुझा तर नियमावर विश्वास आहे ना?"

"आहे. म्हणजे, रेघ लागतेच असं अजून वाटतं मला. पण मी तिला मागे टाकून चाललेली नाही, तिला बाहेर ठेवून चालले आहे, हेही कळतं." नाड्या बांधायला ती स्वतःच खाली वाकली. आमची डोकी जवळजवळ आपटलीच. "मला तिथे ओशाळवाण्या तोंडाने पळायचं नाही. येशील का सांग."

मी तिला अर्धं माप मोठं दिलं. पळताना पाय फुगतो.

१६ एप्रिल

रविवारची सकाळ, मैदान भरलेलं. लांब उडीवाली पोरं, चालायला येणारी म्हातारी माणसं, सगळे. नाकतोडी फाटकातून आत आली तसे एकेक करून सगळे गप्प झाले. बारीक केस, ताठ मान. मी एका बाजूला, मास्तरीण दुसऱ्या.

रखवालदार पुढे आला. बिचारा घामाघूम झाला होता. "मला वरून सांगितलंय, हिला आखलेल्या मार्गावर येऊ द्यायचं नाही."

नाकतोडी म्हणाली, "मामा, मग तुम्ही तिकडे कुंपणाकडे बघा."

त्याने तिच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग खरंच पाठ फिरवून कुंपणाकडे बघत उभा राहिला.

सर कडेला होते. मी हाक मारली नाही, त्यांनीही मारली नाही. मास्तरीणच वर्गातल्या आवाजात ओरडली, "एक, दोन, तीन!" आणि आम्ही निघालो.

नाकतोडी पहिल्याच वळणावर पुढे. किती दिवसांनी ती पाठ, तो तीळ! मी दुसरी, मास्तरीण माझ्या खांद्याशी, नवीन बूट चटचट वाजवत. कुणीतरी बाजूने ओरडलं, काहीतरी घाण. लगेच दुसरं कुणीतरी त्याच्यावर ओरडलं. मग एक म्हातारा टाळ्या वाजवायला लागला, एकटाच, आणि थांबेचना.

शेवटच्या वळणावर नाकतोडीने नेहमीसारखं पाय सोडले. मी मागे लागले. पंधरा दिवस नीट सराव नाही, पाय शिशासारखे जड. आणि तेवढ्यात उजवीकडून मास्तरीण आली, दात विचकून, डोळे बाहेर काढून, आणि माझ्यापुढून निघून गेली.

मी तिसरी.

गवतावर आडवे पडलो. सर आले. त्यांच्या हातात घड्याळ होतं. "सवयीने लावलं," असं कुणीही न विचारता म्हणाले. मग मास्तरणीला आकडा सांगितला. तिच्या आयुष्यातला सगळ्यात चांगला. ती बसल्या जागी रडायलाच लागली. नाकतोडीचा आकडा त्यांनी सांगितला नाही. तिनेही विचारला नाही. तिने माझ्या बरगडीत कोपर खुपसलं.

"ताई, तिसरी आलीस."

"माहितीये. तीनपर्यंत मोजता येतं मला."

"म्हातारी झालीस."

"थांब जरा, श्वास येऊ दे, मग दाखवते."

रखवालदार कुंपणाकडून पळत आला. "कुणीतरी फोन केलाय. सचिव निघालेत इकडे. पोरींनो, निघा आता, माझी नोकरी जाईल."

मास्तरणीने डोळे पुसले आणि माझ्याकडे बघितलं. मी नाकतोडीकडे. यावेळी तिला विचारल्याशिवाय मी काहीही करणार नव्हते.

नाकतोडी उठून बसली. एका बुटाची नाडी सुटली होती, ती सावकाश बांधली. म्हणाली, "मामा, त्यांना सांगा, तुम्ही अडवलं होतं आणि आम्ही ऐकलं नाही. खरंच तर आहे." मग आम्हाला म्हणाली, "अजून एकदा?"

"मी मेले," मास्तरीण म्हणाली आणि सगळ्यात आधी तीच उभी राहिली.

सचिवांची गाडी फाटकातून आत आली तेव्हा आम्ही पहिलं वळण घेत होतो, आणि नाकतोडी पुढे होती.